एका दहा अंकी संख्येचा इतिहास

राजांना इतिहास असतो, राज्यांना असतो, ग्रंथांना व देवालयांनाहि असतो. परंतु एखाद्या संख्येला इतिहास असूं शकतो, ही कल्पना प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. संख्या जन्मत नाहीं आणि मरतहि नाहीं. मग तिचें चरित्र तें काय लिहावयाचें? तथापि ज्या संख्येविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें मीं योजिलें आहे, तिला इतिहास आहे, आणि तो मराठी वाचकाला अगदींच परका नाहीं. ती संख्या अशी: १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज, शहात्तर कोटि, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार एकोणपन्नास. इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत एका उदाहरणाचें उत्तर म्हणून ती लिहिली. आणि त्यानंतर ५०७ वर्षांनीं, ज्याला भास्कराचार्यांचा परिचय असल्याचा कसलाहि पुरावा नाहीं अशा एका फ्रेंच गृहस्थानें तेंच कोडें, त्याच अंकासह, आपल्या मित्राला घातलें.

कोडें दिसावयास साधें आहे. अशी कोणती वर्गसंख्या आहे कीं, तिला एकसष्टांनीं गुणून त्यांत एक मिळविला असतां येणारी संख्याहि पूर्ण वर्गच असावी? या जातीच्या प्रश्नांस आपल्या जुन्या गणितकारांनीं ‘वर्गप्रकृति’ असें नांव दिलें. ज्या अंकानें गुणावयाचें ती ‘प्रकृति’. जिच्या वर्गाला गुणावयाचें ती लहान संख्या ‘कनिष्ठ’. शेवटीं येणाऱ्या वर्गाचें मूळ तें ‘ज्येष्ठ’. आणि जें मिळवावयाचें तो ‘क्षेप’. प्रकृति आठ असेल तर गणित तोंडीं सुटतें: एकाचा वर्ग आठपट करून त्यांत एक मिळविला कीं नऊ होतात, आणि नऊ हा तिहींचा वर्ग. प्रकृति साठ असली तरी फारसा प्रयास नाहीं. कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१, कारण सोळांची साठपट ९६० आणि एकतिसांचा वर्ग ९६१. बासष्टांस कनिष्ठ ८ व ज्येष्ठ ६३ पुरतात. त्रेसष्टांस तर १ व ८ एवढ्यावरच काम भागतें.

या शेजाऱ्यांच्या मध्यें बसलेल्या एकसष्टांची गोष्ट मात्र विलक्षण आहे. त्याचें लहानांत लहान उत्तर म्हणजे कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ आमची ही दहा अंकी संख्या. तिचा वर्ग केला तर ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ अशी एकोणीस अंकी संख्या येते, आणि कनिष्ठाच्या वर्गाची एकसष्टपट याहून नेमकी एकानें कमी भरते. शंभरांच्या आंतील कोणत्याहि प्रकृतीचें लघुतम उत्तर इतकें मोठें नाहीं. या संख्येच्या अंगीं आणखीहि गुण आहेत. तिच्यांतून एक वजा केला तर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते; एक मिळविला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. आणि तिला तिच्या कनिष्ठानें भागलें असतां एकसष्टांचें वर्गमूळ दशांशचिन्हापुढें सतरा स्थळांपर्यंत बिनचूक मिळतें.

कोणी म्हणेल, एकापासून आरंभ करून एकेक संख्या तपासून पाहिली तर उत्तर केव्हां तरी सांपडेलच. सांपडेल खरें, परंतु दर मिनिटास एक या वेगानें रात्रंदिवस, न झोपतां, न जेवतां कोणी बसला, तर त्या कनिष्ठापर्यंत पोहोंचावयास त्याला ४३० वर्षें लागतील. म्हणजे हें उत्तर चुकतमाकत हातीं लागण्यासारखें नाहीं. ज्यानें तें लिहिलें, त्याच्याजवळ रीत असली पाहिजे.

ती रीत एका माणसाची नव्हती. तिचा पहिला धागा इ. स. ६२८ मध्यें लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत, भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताकडे जातो. ब्रह्मगुप्ताच्या ध्यानांत एक मोठी मार्मिक गोष्ट आली. एक मिळवून वर्ग साधत नसेल तर न साधो. दुसरें कांहीं मिळवून साधतो का, तें पाहावें. अशीं दोन सदोष उत्तरें हातीं आलीं, तर त्यांचा परस्परांशीं तिरपा गुणाकार, ज्यास तो वज्रवध म्हणतो, करून त्यांतून तिसरें उत्तर काढतां येतें, आणि त्या नव्या उत्तराचा क्षेप हा पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. या संयोगालाच पुढें ‘भावना’ हें नांव रूढ झालें. प्रकृति ९२ घ्या. कनिष्ठ १ व ज्येष्ठ १० घेतले तर क्षेप ८ येतो. या उत्तराची स्वतःशींच भावना केली कीं कनिष्ठ २०, ज्येष्ठ १९२ व क्षेप ६४. आठांनीं भागा, कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ २४ व क्षेप १. अडीच ही पूर्ण संख्या नव्हे, म्हणून पुन्हां एकदां भावना करा. कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१, क्षेप १. झालें! हें उदाहरण जो एका वर्षाच्या आंत सोडवील तो गणक, असें ब्रह्मगुप्तानें म्हणून ठेविलें आहे; आणि त्याची रीत ठाऊक असेल तर दोन घटका पुरतात.

परंतु भावनेनें प्रत्येक कुलूप उघडत नाहीं. क्षेप दोन किंवा चार, धन वा ऋण, असा हातीं लागला तर ब्रह्मगुप्ताच्या नियमांनीं पुढचा मार्ग सरळ आहे. पण तसा क्षेप मिळवावा कसा? एकसष्टांच्या बाबतींत सहज सुचणारें पहिलें उत्तर कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ व क्षेप ३ हें आहे, आणि या तिहींपाशीं गाडें अडतें. येथेंच ‘चक्रवाल’ म्हणून प्रसिद्ध असलेली रीत उपयोगी पडते. चक्रवाल म्हणजे कडें, वर्तुळ. तिचें सार असें: असा एक गुणक शोधावा कीं, त्यानें कनिष्ठाला गुणून ज्येष्ठ मिळविला असतां क्षेपानें निःशेष भाग जावा, आणि अशा अनेक गुणकांपैकीं ज्याचा वर्ग प्रकृतीच्या अधिकांत अधिक जवळ असेल तोच घ्यावा. त्या भागाकारानें नवा कनिष्ठ मिळतो. गुणकाचा वर्ग व प्रकृति यांच्या अंतराला जुन्या क्षेपानें भागलें कीं नवा क्षेप मिळतो. इष्ट क्षेप येईपर्यंत हें चक्र फिरवीत राहावें.

आतां आपल्या उदाहरणांत काय होतें तें वाचकांनीं कागद व पेन्सिल घेऊन पाहावें अशी माझी विनंति आहे. आठांत मिळवून तिहींनीं भाग जाईल असे गुणक १, ४, ७, १० इत्यादि. त्यांत सातांचा वर्ग ४९ हा एकसष्टांपासून बारांच्या अंतरावर, व दहांचा वर्ग १०० हा एकोणचाळिसांच्या अंतरावर. म्हणून सात घ्यावे. नवा कनिष्ठ, सात व आठ मिळून पंधरा, भागिले तीन, म्हणजे ५. क्षेप, बारा भागिले तीन, म्हणजे ४. परंतु वर्ग प्रकृतीहून लहान असल्यानें हा क्षेप ऋण. ज्येष्ठ ३९. पडताळा घ्या: पंचविसांची एकसष्टपट १५२५, एकोणचाळिसांचा वर्ग १५२१, बरोबर चार कमी. चक्राचा एकच फेरा झाला, आणि आपण ब्रह्मगुप्ताच्या दाराशीं येऊन उभे राहिलों! यापुढें भास्कराचार्य चक्र सोडून भावना हातीं घेतात. सर्व निमे करून कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ साडेएकोणीस, क्षेप ऋण एक. त्याची स्वतःशीं भावना केली कीं कनिष्ठ साडेसत्याण्णव, ज्येष्ठ सातशें साडेएकसष्ट म्हणजे १५२३ चा निमा, व क्षेप धन एक. या दोन उत्तरांची परस्परांशीं भावना केली कीं अपूर्णांक नाहींसे होतात: कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप ऋण एक. या शेवटच्या उत्तराची पुन्हां स्वतःशीं भावना करा. कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. ४३० वर्षांचें काम एका पाटीवर, एका बैठकींत संपलें.

आतां आपण युरोपांत जाऊं. इ. स. १६५७ च्या फेब्रुवारींत पियेर द फर्मा या तुलूझच्या न्यायसभेच्या सभासदानें, ज्याची खरी कीर्ति त्याच्या फुरसतीच्या गणितावर उभी आहे, इंग्रज गणितज्ञांस याच जातीचा सर्वसाधारण प्रश्न आव्हान म्हणून पाठविला. आणि आपला मित्र फ्रेनिक्ल यास लिहितांना, फार श्रम पडूं नयेत म्हणून लहानच अंक देतों अशा मिस्किल भावानें ६१ व १०९ हे दोन अंक निवडले. १०९ चा ज्येष्ठ पंधरा अंकी आहे! लहान दिसणाऱ्या अंकांतून नेमके हेच दोन निवडणाराला त्यांच्या पोटांत काय दडलें आहे हें पुरतें ठाऊक असलें पाहिजे. इंग्रजांकडून प्रथम अपूर्णांकांतलीं उत्तरें गेलीं. पूर्णांकच हवेत असें फर्मानें बजावल्यावर लॉर्ड ब्राउंकर व वॉलिस यांनीं रीत शोधून काढली. पुढें ऑयलरच्या हातून गैरसमजानें हें समीकरण जॉन पेल या गणितज्ञाच्या नांवावर चढलें, आणि ज्याचा या शोधाशीं संबंध जवळजवळ नव्हता त्याचें नांव त्यास कायमचें चिकटलें. प्रकृति पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमीं असतेंच, ही सिद्धता लाग्रांजनें १७६८ च्या सुमारास दिली. तो लाग्रांज १८१३ सालीं वारला. आणि त्याच सालीं एडवर्ड स्ट्रेचीनें भास्कराचार्यांच्या बीजगणिताचें, फारसी भाषांतरावरून केलेलें, इंग्रजी रूपांतर लंडनांत छापलें. १८१७ मध्यें कोलब्रुकनें मूळ संस्कृतावरून भाषांतर केलें. तेव्हां कोठें पश्चिमेकडील पंडितांस कळलें कीं, फर्माचा एकसष्ट एका संस्कृत ग्रंथांत कित्येक शतकें सुटून बसला आहे. पुढें हांकेल या जर्मन इतिहासकारानें, लाग्रांजच्या पूर्वीं संख्याशास्त्रांत साधलेली ही सर्वांत सुंदर गोष्ट होय, असा अभिप्राय दिला.

येथवरची हकीकत आमच्या शिक्षित वर्गास मोठी आवडते, आणि ती आवडण्यांत गैरहि नाहीं. माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांनीं हें समीकरण ‘पेलचें समीकरण’ म्हणूनच इंग्रजी पाठ्यपुस्तकांत वाचलें. भास्कराचार्यांचें नांव तेथें तळटीपेंतहि नव्हतें. पुढें एके दिवशीं ग्रंथालयांत जुन्या बीजगणिताच्या प्रतींत तोच एकसष्ट भेटला, तेव्हां अंगावर रोमांच उभे राहिले, हें मीं लपवून ठेवीत नाहीं. त्या दिवसापासून व्याख्यानांत, स्नेहसंमेलनांत, नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला मीं ही गोष्ट सांगूं लागलों. चक्रवाल हा भास्कराचार्यांचा शोध, फर्माच्या आधीं पांचशें वर्षें, टाळ्या. असें पंचवीस वर्षें चाललें.

मग एका वर्षीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, “सर, तें उत्तर काढलें कसें?” प्रश्न साधा होता. मीं फळ्याकडे वळलों, प्रकृति लिहिली, कनिष्ठ लिहिला, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, हें उत्तर मीं शेंकडों वेळां सांगितलें असलें तरी एकदांहि हातानें काढलेलें नाहीं. तासाची घंटा झाली म्हणून मीं सुटलों. परंतु घरीं येतांना मनाला फार लागलें. जें गणित मला सोडवितां येत नव्हतें, त्याचा मीं अभिमान बाळगीत होतों. वर दिलेली सारी आकडेमोड मीं त्या रात्रीं, आयुष्यांत प्रथमच, केली.

त्या अभ्यासांत आणखी एक धक्का बसावयाचा होता. चक्रवाल भास्कराचार्यांचें, हें माझें ठाम विधानच मुळीं चुकीचें होतें. इ. स. १०७३ मध्यें उदयदिवाकर नांवाच्या टीकाकारानें लघुभास्करीयावर ‘सुन्दरी’ ही टीका लिहिली. तींत जयदेव नांवाच्या आचार्याचे श्लोक उद्धृत केले आहेत, आणि त्यांत चक्रवालाची संपूर्ण रीत आहे. ही गोष्ट कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ सालीं प्रकाशांत आणली. म्हणजे रीत भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वींच सिद्ध होती. जयदेवाचे दुसरे कोणतेहि ग्रंथ आज उपलब्ध नाहींत. दुसऱ्याच्या टीकेंतील कांहीं श्लोकांवर त्याचें नांव तगलें आहे. पेलला न केलेल्या कामाचें श्रेय मिळालें म्हणून आपण हंसतों; परंतु जयदेवाचें श्रेय भास्कराचार्यांच्या पदरांत घालून मीं तरी दुसरें काय करीत होतों? भास्कराचार्यांची थोरवी यानें कमी होत नाहीं. आपण पूर्वाचार्यांच्या ग्रंथांचें सार काढलें, हें त्यांनीं स्वतःच बीजगणिताच्या शेवटीं मोकळ्या मनानें सांगितलें आहे. आम्हींच त्यांना एकटे करून उंच चौथऱ्यावर बसविलें.

या आचार्यांचें आपल्या भूमीशीं नातें आहे तें असें. त्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा, गांव सह्याद्रीच्या आश्रयाचें विज्जडविड, तें नेमकें कोठें याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु चाळीसगांवच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत तो विद्वानांपुढें आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. त्यानें आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचें व त्या कुळांतील इतर ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापन केला, आणि स्थानिक निकुंभ राजांनीं त्यास देणगी दिली. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. पण देणगीचा तपशील जेथें येतो तेथें भाषा एकदम मराठी होते, ज्ञानेश्वरीच्या आधींची मराठी. पाटणच्या पेठेंत जो माल विकावयास उघडला जाईल, त्यावरील गिऱ्हाइकाकडून येणारें राजाचें उत्पन्न मठास दिलें आहे, असा त्याचा आशय. मला हा लेख फार बोलका वाटतो. ज्या पेठेंतील देवघेवीच्या करावर वर्गप्रकृतीचें अध्ययन चालावें, ती पेठ गणिताला परकी नव्हती.

मग पुढें काय झालें? मठाची पुढील परंपरा काळाच्या उदरांत गेली. ग्रंथ राहिले, टीका झाल्या, इ. स. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञानें बीजगणितावर उपपत्तीसह मोठी टीका लिहिली. परंतु हें चक्र प्रत्येक प्रकृतीसाठीं फिरतां फिरतां इष्ट स्थानीं येऊन थांबेलच, याची सिद्धता भास्कराचार्यांनीं दिलेली नाहीं. फर्मानेंहि आपल्याजवळ सिद्धता असल्याचें सांगितलें, लिहून मात्र ठेविली नाहीं. या बाबतींत दोघे सारखेच. तें उणें भरून काढलें तें म्हैसूरचे प्राध्यापक कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं. १९२९-३० मध्यें भारतीय गणितपरिषदेच्या नियतकालिकांत त्यांनीं चक्रवालाचें अंतर्गत शास्त्र उलगडून दाखविलें, आणि ही रीत लाग्रांजच्या रीतीची केवळ जुनी आवृत्ति नसून स्वतंत्र व पुष्कळदां अधिक त्वरेनें पोहोंचणारी आहे हें सिद्ध केलें. कवि ए. के. रामानुजन् हे त्यांचे चिरंजीव. अय्यंगारांनीं भास्कराचार्यांचा जयजयकार करण्यांत वेळ दवडला नाहीं. त्यांनीं गणित पुढें नेलें. सातशें ऐंशीं वर्षांपूर्वीं अर्ध्यावर राहिलेलें काम एका मास्तरानें पुरें केलें. वारसा सांगणें आणि वारसा चालविणें यांतील भेद मला त्या लेखानें जितका स्पष्ट दाखविला, तितका कोणत्याहि व्याख्यानानें दाखविला नव्हता.

आतां मीं पहिल्या तासाला ही गोष्ट सांगतों, पण निराळ्या क्रमानें. प्रथम ब्रह्मगुप्ताचें ९२ चें उदाहरण फळ्यावर करून दाखवितों. मग एकसष्ट मुलांकडे सोंपवितों आणि गप्प बसतों. कोणी गुणाकार चुकतो, कोणी अडीचांपाशीं अडतो, कोणी शेजाऱ्याच्या वहींत पाहतो. तास संपण्यापूर्वीं दोघां-तिघांच्या वहींत ते दहा अंक उतरतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो टाळ्यांच्या वेळीं मला कधीं दिसला नव्हता. जयदेवाचें, भास्कराचार्यांचें, फर्माचें, ब्राउंकरचें अशीं नांवें मीं त्यानंतर सांगतों. तोंपर्यंत त्यांना या मंडळींची ओळख गणितांतून झालेली असते.